फुईचं सांटिंग

आमच्या घरात तो शब्द ‘सांटिंग’ असाच बोलला जायचा. खरा शब्द शंटिंग आहे हे मला पुष्कळ नंतर, जळगावला हायस्कूलमध्ये गेल्यावर कळलं. तोवर तो इंग्रजी आहे असंही कधी वाटलं नव्हतं. तो फुईच्या घरचा शब्द होता, एवढंच.

फुई म्हणजे आत्या. वडिलांची थोरली बहीण. तिचे भाऊ तिला अक्का म्हणत. आमचं मूळ गाव धुळ्याकडचं, त्यामुळे जुनी माणसं शेवटपर्यंत खानदेशीच बोलली. माझे वडील आणि काका मात्र शाळा शिकल्यावर शहरी मराठीवर आले होते. वडिलांना फुई भाऊ म्हणायची, म्हणून आम्ही मुलंही भाऊच म्हणायचो. फुईचे यजमान, आमचे फुवा, रेल्वेत शंटिंगच्या कामावर होते. मोठ्या जंक्शनचं गाव, कौलारू क्वार्टरांची रांग, आणि मागच्या अंगणाच्या भिंतीपलीकडे थेट यार्ड. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे गेलो की त्या भिंतीवर बसून फुवांना पाहणं हा आमचा उद्योग असे.

फुवा उंच, किडकिडीत. काखेत लाल-हिरवी झेंडी, गळ्यात शिट्टी. इंजिन एकेक डबा ढकलत आणायचं, फुवा त्याच्यापुढे हात हलवत चालायचे, मग दोन डब्यांच्या मधे शिरून दिसेनासे व्हायचे. बफर बफराला भिडल्याचा दणका आमच्या भिंतीत जाणवायचा. थोड्या वेळाने फुवा पलीकडून बाहेर यायचे आणि शिट्टी मारायचे. फुई कधी भिंतीशी यायची नाही. पण दणका झाला की स्वयंपाकघरात तिचं लाटणं थांबायचं आणि शिट्टी ऐकू आली की परत चालायला लागायचं. आम्ही मुलांनी ते ओळखलं होतं.

एकदा मी फुवांना विचारलं, “हा डबा कुठल्या गावाला चालला?”

“कोठेच नही,” ते म्हणाले. “त्याले नुस्तं आठेनं तठे करानं. ज्या गाडीले गरज पडी, तिले जोडानं. यालेच सांटिंग म्हंतस.”

फुई ज्याला भीत होती ते कधी घडलंच नाही. फुवांच्या अंगाला डब्यांच्या मधे खरचटलंसुद्धा नाही. ते गेले काविळीनं. आधी कुणी सांगितलेला पाला झाला, मग दवाखाना झाला, तोवर डोळे हळदीसारखे झाले होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. फुईला मूलबाळ नव्हतं.

फुवांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्या बौद्ध रीतीच्या दिवसकार्याला, भंतेजी आले होते. लोक जेवून गेल्यावर पुढच्या खोलीत पुरुषमाणसं बसली. मी फुईच्या मांडीला टेकून दारात होते. शेजारच्या क्वार्टरमधल्या एका कारकुनानं सांगितलं होतं की नोकरीत असताना माणूस गेला तर त्याच्या बायकोला काम मिळतं. फार शिकलेली नसली तरी चालतं. बायकांच्या वेटिंग रूममध्ये झाडलोट करायची, लक्ष ठेवायचं. त्या काळी विधवेनं लिहून दिलं तर जवळच्या दुसऱ्या नातेवाइकालाही लावून घेत.

फुई दारातूनच म्हणाली, “मी करसू. माले जमी ते काम.”

आबा म्हणजे माझे मोठे काका. बोदवडला शेती करायचे. रागीट नव्हते, पण बोलले की विषय संपायचा. ते म्हणाले, “अक्का, आपल्या मायनं गावकीची झाडलोट सोडली ती कशासाठी? गावानं किती त्रास दिला तिला, तू पाहिलंय. आणि आता तू परत झाडू धरणार? तेही लोकांच्या बायकांचे संडास झाडायला?”

माझे वडील जमिनीकडे बघत राहिले. धाकटे काका, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, तेव्हा नुकतेच धुळ्याला शाळेत शिक्षक झाले होते. तेही आबांकडेच बघत होते. फुईचा दीर, कामधंदा नसलेला तरणा पोरगा, उठून आला आणि फुईच्या पायावर डोकं ठेवून रडायला लागला. “वहिनी, तू मनी मायच शे,” म्हणाला. तो खोटं रडत नव्हता असं मला आजही वाटतं. फुईनं त्याच्या नावावर नोकरी लिहून दिली.

वर्षभरात दिराचं लग्न झालं. क्वार्टर दीड खोलीचं. नव्या जावेचं आणि फुईचं भांडण असं झालंच नाही, जाऊ फक्त एक दिवस म्हणाली, “थोडे दिवस माहेरी जाऊन या, बरं वाटेल.” फुई आमच्याकडे आली ती पत्र्याची हिरवी पेटी आणि वळकटी घेऊन. थोड्या दिवसांसाठी कुणी वळकटी आणत नाही. ती पेटी आईनं पलंगाखाली सरकवली.

मग ते सुरू झालं. कुणी ठरवून केलं नाही. बोदवडला आबांच्या शेतात कापूस वेचायला माणूस लागायचा, तेव्हा फुई बोदवडला. आईचं ऑपरेशन झालं, तेव्हा फुई जळगावला आमच्याकडे. नानांची बायको शिक्षिका. तिचं बाळंतपण, नंतर तिची शाळा, तान्हं मूल सांभाळणं, म्हणून फुई धुळ्याला. गरज सरली की जो तो प्रेमानंच म्हणायचा, “अक्का, इथं कंटाळली असशील. जरा तिकडे जाऊन ये.” तिला कधी कुणी उपाशी ठेवलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की आमच्या घरची माणसं दुष्ट होती. ती तशी नव्हती.

एका रविवारी नाना आमच्याकडे जेवायला होते. भाऊ आणि नाना पाटावर, आई वाढत होती, फुई स्टोव्हपाशी भाकरी थापत होती. फुईला पुन्हा कधी, कुठे पाठवायचं याचं बोलणं निघालं. नाना विनोदी स्वभावाचे. ते म्हणाले, “कापूस संपला की आबा अक्काचं इकडे सांटिंग करेल. उन्हाळ्यानंतर तू मागून धक्का दे, मी तिकडून जोडून घेतो. यार्ड आपलंच आहे!”

सगळे हसले. आईसुद्धा हसली. भाकरीची थाप थांबली.

फुईनं मागे वळून पाहिलं नाही. परातीकडे बघतच ती म्हणाली, “सांटिंगमा डबाले कोनी इचारत नही, नाना, हाई खरं. पन डबानापुढे एक मानूस चालस. झेंडी लीसन.”

नानांचा चेहरा उतरला. “मी गंमत केली अक्का,” ते म्हणाले. ती म्हणाली, “माले माहीत शे,” आणि भाकरी तव्यावर टाकली.

तरी तो शब्द घरात राहिला. इतका मुरला की त्यातली थट्टाही निघून गेली. आई शेजारणीला सांगायची, “आमच्या फुईंचं पुढल्या महिन्यात सांटिंग आहे.” बोदवडहून येणाऱ्या पत्रात आबाही लिहायचे, “अक्काचं सांटिंग करतो आहे.” भाऊंच्या ऑफिसात तर तो आधीपासूनच होता, हे मला मागाहून कळलं; साहेबाच्या मर्जीतून उतरलेल्या माणसाची बदली झाली की म्हणत, त्याला शंट केला. मी नववीत असेन. भाऊंच्या जाड इंग्रजी-मराठी शब्दकोशात तो शब्द काढून पाहिला. पहिला अर्थ फुवांचा होता: गाडीचे डबे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणे. त्याखाली दुसरा: एखाद्याला नकोसा म्हणून बाजूला सारणे, इकडून तिकडे पाठवणे. मला वाटत होतं हा अर्थ आमच्या घरानं काढलाय. तो तर कधीचा छापून आलेला होता. मी शब्दकोश मिटला आणि परत फळीवर ठेवला.

धुळ्याहून जळगावला रेल्वेनं यायचं तर चाळीसगावला गाडी बदलावी लागते. बसपेक्षा उशीर लागतो, पण फुईला बस लागायची, उलट्या व्हायच्या, म्हणून ती रेल्वेनंच यायची. ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. नानांनी तिला धुळ्याला शटलमध्ये बसवून दिलं. दरवेळी आधी एक कार्ड टाकायचे, अक्का अमुक दिवशी निघतेय म्हणून. या वेळी परीक्षांच्या गडबडीत कार्ड टाकायचं राहून गेलं.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी नाना एका लग्नासाठी जळगावला आले. दुपारी आमच्या घरी टेकले. पाणी प्यायले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, “अक्का दिसत नाही? बाजारात गेली?”

भाऊ म्हणाले, “अक्का तुझ्याकडे आहे ना?”

मी समोरच होते. नाना म्हणाले, “मी तिला केव्हाच बसवून दिली.” मग म्हणाले, “आबाकडे गेली असेल.” पण आबांचं कार्ड आदल्याच दिवशी आलं होतं, त्यात अक्काची चौकशी केली होती, तिचा मुक्काम कुठे आहे म्हणून. आमच्या घरचं एक माणूस कितीतरी दिवस कुठेच नव्हतं, आणि ते आम्हाला माहीत नव्हतं.

नाना तसेच बोदवडला निघाले, न जाणो म्हणून. भाऊ चाळीसगावला निघाले. बरोबर एखादी बाईमाणूस हवी म्हणून मला घेतलं. आई घरीच थांबली, मधेच फुई आली तर दार उघडं हवं म्हणून.

चाळीसगाव स्टेशनावर भाऊ चौकशीच्या खिडकीशी जाऊन बोलायला लागले. आतल्या माणसानं चांगल्या मनानं विचारलं, “बाईंच्या अंगावर साडी कुठली होती?” भाऊंना सांगता येईना. ते माझ्याकडे पाहू लागले. आम्ही तिला कधीपासून पाहिलंच नव्हतं, साडी कुठून सांगणार? “वय?” भाऊंनी बोटांवर मोजलं, चुकले, परत मोजलं. “काही खूण?” मी म्हटलं, “हिरवी पेटी आहे. पत्र्याची.” तेव्हा तिथे टेकलेला एक हमाल म्हणाला, “ती पेटी लेडीज वेटिंग रूममध्ये आहे की.”

पेटी कोपऱ्यात होती. तिच्यावर एक तांब्या उपडा ठेवलेला. फुई नव्हती. वेटिंग रूमवाली बाई आतून ओले हात पुसत आली. चाळिशीची, सावळी, पदर कमरेला खोचलेला.

“कोन तुम्ही?” तिनं विचारलं.

“ही पेटी माझ्या बहिणीची आहे,” भाऊ म्हणाले. “मी तिचा भाऊ.”

बाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग सांगू लागली. फुई धुळ्याच्या शटलमधून उतरली ती तापानं फणफणलेली. बाकावर बसून राहिली. जळगावची गाडी आली नि गेली. दुसरी आली, तीही गेली. “मी म्हनं, माय, तुनी गाडी गयी ना. तर ती म्हने, जाऊ दे.” संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर बाईनं तिला हाताला धरून आपल्या खोलीवर नेलं. ताप उतरायला बरेच दिवस गेले. पेटी जड, म्हणून इथंच राहिली.

“पत्ता नाही विचारलात?” भाऊ म्हणाले.

“इचारा ना. ती म्हने, कोनता सांगू?”

बाईची खोली रुळांपलीकडच्या वस्तीत होती. फुई दारात बसून लसूण सोलत होती. फार वाळली होती. आम्हाला पाहून तिला ना आनंद झाला ना धक्का बसला. मला म्हणाली, “ये बेटा, बस.” भाऊ उभेच होते.

“अक्का, चल घरी.”

“कोना घर?”

“माझ्या. आता कायमची माझ्याकडे. कुठे पाठवणार नाही तुला.”

फुईनं लसणीच्या साली एका बाजूला केल्या. “माले कोनाच राग नही, भाऊ. पन माले आते गाडीमा बसानं नही शे.”

“अगं पण लोक काय म्हणतील? तीन भाऊ असताना बहीण परक्याच्या खोलीत?”

“इतला दिन मी कोनाच घरमा नव्हती,” ती म्हणाली, “तव्हय लोके काय म्हनेत?”

भाऊ उंबऱ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. फुईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण शब्द मागे घेतला नाही. वेटिंग रूमवाल्या बाईनं सगळ्यांना चहा केला. संध्याकाळच्या आत आम्ही दोघंच परत निघालो. घरी आल्यावर आईनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, “तिथं बरी आहे ती.”

फुई चाळीसगावलाच राहिली. स्टेशनाबाहेरच्या एका खाणावळीत भांडी घासायची, आणि वेटिंग रूमवाली बाई रजेवर असली की तिच्या बदली वेटिंग रूम झाडायची. आबांना हे कळलं तेव्हा त्यांनी तिचं नाव टाकलं. “झाडूच धरायचा होता तर आधीच धरायचा होता,” म्हणाले. आधी तिनं तेच मागितलं होतं, याची आठवण त्यांना कुणी करून दिली नाही. नाना एकदा साडी घेऊन गेले. तिनं घेतली, त्यांना जेवू घातलं. भाऊ वर्षातून एकदोनदा जायचे.

मी फैजपूरला नोकरीला लागल्यावर एकदा एकटी तिला भेटायला गेले होते. खोली तीच. तिचा आवाज मोठा झाला होता, किंवा आमच्या घरी ती इतकं हळू बोलायची हे मला आधी कळलं नव्हतं. मी विचारलं, “फुई, करमतं का इथं?”

ती जरा विचार करून म्हणाली, “सकायले उठी कोठे जानं, ते माहीत ऱ्हास.” आमच्यापैकी कुणाची चौकशी तिनं केली नाही. मी आपली एकेकाचं सांगत गेले आणि ती ओळखीच्या दुकानदाराबद्दल ऐकावं तशी ऐकत राहिली.

पुढे तिला छातीचा त्रास सुरू झाला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ती सरकारी दवाखान्यात वारली. भाऊंच्या ऑफिसात वेटिंग रूमवाल्या बाईचा फोन आला. तिघे भाऊ चाळीसगावला जमले. मीही फैजपूरहून गेले. दवाखान्याच्या फाटकाशी तिघांचं बोलणं सुरू झालं तेव्हा माझा कानांवर विश्वास बसेना. आबा म्हणत होते, तिला बोदवडला न्यायचं, मी थोरला भाऊ आहे. नाना म्हणत होते, मूळ गावी, धुळ्याकडे. भाऊ म्हणत होते, माझ्याकडे न्यायचं, मी तिला कबूल केलं होतं. गाडी कोणाची आणायची इथवर गोष्ट गेली. वेटिंग रूमवाली बाई बाजूला झाडाखाली बसली होती. ती उठून आली आणि म्हणाली, “ती आठेच ऱ्हाई.” तिच्यामागे पाचसात माणसं उभी होती, हमाल, खाणावळीतल्या बायका, एक चहावाला. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तिथल्याच विहारात झाला. सतरंज्या, भांडी, स्वयंपाक, सगळं त्या लोकांनी केलं होतं. पुढे फुईचा फोटो होता. यात्रेतल्या स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला डोंगर, शेजारी वेटिंग रूमवाली बाई. दोघी हसत होत्या. फुईचे पुढचे दोन दात पडलेले होते. ते केव्हा पडले हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

भंतेजी म्हणाले, तिच्याबद्दल कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला. म्हातारा हमाल उठला. तो म्हणाला, मावशी स्टेशनवरच्या अनाउन्सरची नक्कल करायची, नाकातून, हुबेहूब. थंडीत शेकोटीपाशी सगळे तिला ती करायला लावायचे आणि हसून हसून पोट दुखायचं. लोक आठवणीनंही हसले. खाणावळीतली एक बाई म्हणाली, ती फार मोठ्यानं भांडायची, आणि मग रडत बसायची. आम्ही ओळीनं बसून ऐकत होतो. भांडणारी, नकला करणारी फुई आमच्या तीन घरांपैकी एकाही घरात कधी आली नव्हती.

फोटोला फुलं वाहायला जवळच्या माणसांनी पुढे या म्हटल्यावर भाऊ उठले. फुलांचं ताट धरलेल्या पोरीनं त्यांना विचारलं, “तुम्ही कोण?”

“भाऊ,” ते म्हणाले. “तिचा भाऊ.”

पोरगी गोंधळली. “मावशीले तर कोनी भाऊ नव्हता,” ती म्हणाली. “तिनंच सांगेल शे आम्हले.”

भाऊ तसेच उभे राहिले. वेटिंग रूमवाल्या बाईनं ताटातली फुलं उचलून निम्मी त्यांच्या ओंजळीत घातली आणि दोघांनी मिळून ती वाहिली. आबा मागे बसून होते. नाना डोळे पुसत होते.

मग पंगती बसल्या. भाऊंना काहीतरी करायचं होतं. त्यांनी वरणाची बादली उचलली आणि वाढायला वाकले. एका तरुण हमालानं लगबगीनं येऊन ती त्यांच्या हातून घेतली.

“ऱ्हाऊ द्या पाहुणे,” तो आदरानं म्हणाला. “तुम्ही बसा.”

भाऊ आबांच्या शेजारी पंगतीत बसले. पुढे पत्रावळ आली, भात आला. मग त्यांनी तो कालवला आणि जेवायला सुरुवात केली.